कर्ता हरवलेली पोस्टरं

आठ मार्च जवळ आला की माझ्याकडे पोस्टरांच्या फाइली यायला लागतात. कुणाला शुद्धलेखन तपासून हवं असतं, कुणाला नुसतं "एकदा नजर टाका" एवढंच. त्यांवरची वाक्यं मी एका वहीत उतरवून ठेवते. 'स्त्रियांवर अत्याचार होतात.' 'मुलींचं शिक्षण अर्ध्यावर सुटतं.' 'तिला समान संधी मिळावी.' 'तिच्या श्रमांची दखल घेतली जावी.' यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि लिहिणाऱ्यांची कळकळही मी जवळून पाहिलेली आहे. तरी वही चाळताना दरवेळी एकच प्रश्न पडतो: हे सगळं करतंय कोण? अत्याचार होतात, जसा पाऊस होतो. शिक्षण सुटतं, जशी गाठ सुटते. संधी मिळावी, पण देणार कोण? दखल घेतली जावी, पण घेणार कोण? व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे पहिल्या वाक्यात 'अत्याचार' हाच कर्ता ठरतो. मारणारा हात वाक्याबाहेरच राहतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्त्रियांच्या हक्कांसाठी पोस्टर करायला बसलेल्या माणसाने रंग, फॉन्ट, चित्र यांच्या आधी तो हात शोधावा. नियम कुणी केला, पैसे कुणी अडवले, दार कुणी लावलं आणि आता उत्तर कुणी द्यायचं, हे ठरल्याशिवाय कागदाला हात लावू नये. हे ठरलेलं नसलं की चित्रही आपोआप तसंच येतं. मोकळे केस उडणारी एक काळी आकृती, तुटलेली साखळी, वर फुलपाखरू. त्या चित्रात बाई एकटी असते, तिच्यासमोर कुणीच उभं नसतं. साखळी तुटलेली दिसते, पण ती घातली कुणी हे दिसत नाही.

पूर्वी हे काम फार नेमकेपणाने झालेलं आहे. १९०९ साली डंकन ग्रँट या चित्रकाराने ब्रिटनमधल्या, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या 'आर्टिस्ट्स सफ्रेज लीग'च्या स्पर्धेसाठी एक पोस्टर केलं आणि त्याला बक्षीस मिळालं. ही लीग १९०७ मध्ये मेरी लाउंडिस या रंगीत काचेच्या खिडक्या करणाऱ्या कलावतीच्या पुढाकाराने उभी राहिली होती. पोस्टरवर खवळलेलं पाणी आहे. एका छोट्या होडीत एक बाई दोन्ही हातांनी वल्ही मारते आहे. शेजारून एक तरुण शिडाच्या होडीतून आरामात पुढे निघाला आहे आणि त्याच्या शिडावर लिहिलंय 'मतं'. बस्स. मला या चित्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती बाईचे दंड. ती दुबळी नाही, रडत नाही, कुणाकडे हात पसरत नाही. पाणी दोघांना सारखंच आहे, वारा दोघांवर सारखाच वाहतो आहे, फक्त एकाला शीड दिलंय आणि दुसरीला दिलेलं नाही. बघणाऱ्याची नजर बाईवरून शिडाकडे जाते, आणि शीड वाटणाऱ्या संसदेपर्यंत पोचायला मग फार वेळ लागत नाही. दया वाटायला त्या चित्रात जागाच ठेवलेली नाही.

त्याच चळवळीतल्या 'सफ्रेज अटेलिए' या दुसऱ्या गटाचं एक पोस्टर वारंवार वाखाणलं जातं. वरच्या रांगेत बाई काय काय असू शकते ते दाखवलंय: महापौर, परिचारिका, आई, डॉक्टर किंवा शिक्षिका, कारखान्यातली कामगार; आणि तरी तिला मत नाही. खालच्या रांगेत पुरुष काय काय असू शकतो: तुरुंगवास भोगलेला, वेडा ठरवलेला, दारुडा, आणि तरी त्याचं मत जात नाही. मांडणी म्हणून ते चोख आहे, एका दृष्टिक्षेपात कळतं. पण मी ते आज भिंतीवर लावणार नाही. एकीचा मान वाढवायला दुसऱ्याच्या आजाराला आणि शिक्षेला पायाखाली घेतलंय त्यात. आणि खरा कर्ता तिथेही निसटलाच. बाई एका बाजूला, मनोरुग्ण दुसऱ्या बाजूला, आणि कायदा करणारे गृहस्थ दोन्ही रांगांमध्ये नाहीत.

विरोधकांना मात्र कर्ता कधीच हरवत नाही. १९१२ साली जॉन हॅसल या नावाजलेल्या जाहिरात-चित्रकाराने मताधिकाराच्या विरोधातल्या संघटनेसाठी एक पोस्टर काढलं. कामावरून थकून आलेला नवरा दारात उभा, घरात रडणारी पोरं, सगळा पसारा, आणि भिंतीवर मताधिकाराच्या मागणीच्या कागदाला बायकोची चिठ्ठी लावलेली: तासाभरात येते. ती चित्रात नाही, तरी सगळं तिनेच केलंय हे शेंबडं पोरही सांगेल. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, पण स्त्रीविरोधी प्रचाराची ही रीत बदललेली नाही. 'तिने घर मोडलं', 'तिने खोटी तक्रार केली', 'तिने अमुक कपडे घातले.' इथे क्रियापदाला कर्ता असतो आणि तो नेहमी 'ती' असते. आणि आपल्या बाजूच्या पोस्टरवर मात्र सगळं आपोआप 'होतं'. ही लढत सुरू होण्याआधीच आपण हरून बसतो, ते वाक्यरचनेतच.

म्हणून १९१४ चं एक जर्मन पोस्टर मला फार जवळचं वाटतं. कार्ल मारिया श्टाडलर याने ८ मार्च १९१४ च्या महिला दिनासाठी केलेलं. काळ्या कपड्यातली, अनवाणी बाई मोठा लाल झेंडा फिरवते आहे. वरच्या घोषणेचा मराठीत भाव सांगायचा तर 'काढा तो मताधिकार!' असा होईल, दाबून ठेवलेली वस्तू कुणाकडून तरी बाहेर काढायला सांगावं तसा. 'मिळावा' नाही, 'काढा'. त्याखाली लिहिलंय की कामगार म्हणून, आई म्हणून, नागरिक म्हणून जबाबदारी पार पाडणाऱ्या आणि कर भरणाऱ्या स्त्रियांना पूर्वग्रहाने आणि प्रतिगामी वृत्तीने हा हक्क नाकारला आहे. आणि सभेची तारीख. बर्लिनमध्ये पोलिसांनी ते लावायला बंदी घातली. जर्मन स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये, एक महायुद्ध आणि एक क्रांती होऊन गेल्यावर, त्यामुळे पोस्टरने तो मिळवला असं कुणी म्हणू नये. पण पोलिसांना ते भिंतीवर नको वाटलं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. फुलपाखरांच्या पोस्टरावर कुणी कधी बंदी आणल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध 'स्त्रीवादी' पोस्टरकडे येते. पिवळी पार्श्वभूमी, निळा शर्ट, डोक्याला ठिपक्यांचा लाल रुमाल, दुमडलेली बाही आणि वाकवलेला दंड. हे जे. हॉवर्ड मिलर याने अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउस कंपनीसाठी केलेलं चित्र. १९४३ च्या फेब्रुवारीत ते कंपनीच्या कारखान्यांमध्ये जेमतेम दोन आठवडे लागलं होतं. युद्धाचं उत्पादन अडू नये, कामगारांनी खाडे करू नयेत, हा त्याचा हेतू. स्त्रियांच्या हक्कांशी तेव्हा त्याचा संबंध नव्हता. पुढे ते विस्मरणात गेलं आणि १९८० च्या दशकात पुन्हा वर आलं, ते चळवळीचं चिन्ह होऊनच.

त्यावरचं 'We Can Do It!' हे इंग्रजी वाक्य मराठीत करायला घेतलं की त्याचं गुपित उघडं पडतं, कारण आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. ते वाक्य 'हे आपण करू शकतो' असं आहे की 'हे आम्ही करू शकतो'? कंपनीने लावलं तेव्हा ते 'आपण' होतं: मालक, मुकादम, कामगारीण सगळे एका सुरात, उत्पादनासाठी. चाळीस वर्षांनी बायकांनी ते उचललं तेव्हा 'आम्ही' झालं: तुम्ही म्हणत होतात जमणार नाही, आम्ही करून दाखवतो. एवढा मोठा बदल एका सर्वनामात झाला, आणि इंग्रजी अक्षरांत त्याचा मागमूस नाही. बायकांनी ते चित्र आपलंसं केलं याचा मला आनंदच आहे. पण त्यात मागणी कुठलीच नाही, म्हणून ते इतक्या सहज कपांवर, पिशव्यांवर, मोबाइलच्या कव्हरांवर जाऊन बसलं. ज्या पोस्टरात कुणाकडे काही मागितलेलं नाही ते कुणीही विकू शकतं, अगदी बायकांना कमी पगार देणारी कंपनीसुद्धा. मराठीत पोस्टर लिहिणाऱ्याने 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन शब्द तोलूनमापून वापरावेत. जबाबदार माणसाला 'आपण'मध्ये ओढून घेतलं की तो सुटलाच म्हणून समजा. 'आपण सगळ्यांनी स्त्रीचा सन्मान करू या' हे वाक्य वाचताना कुणाचीच मान खाली जात नाही.

मार खाल्लेल्या चेहऱ्याच्या फोटोबद्दल थोडं बोलायला हवं. सुजलेला डोळा, ओठाच्या कोपऱ्यात रक्त, बहुधा मेकअप केलेली मॉडेल, आणि खाली 'गप्प बसू नका'. अशा पोस्टरासमोर मी थांबून पाहिलंय. बघणारा अर्धा क्षण हळहळतो आणि नजर वळवतो. ज्या बाईने आदल्या रात्री खरोखर मार खाल्लेला असतो ती तर सगळ्यात आधी नजर वळवते, कारण शेजारच्याने तिच्याकडे आणि पोस्टरकडे एकदमच पाहिलं तर? शिवाय 'गप्प बसू नका' ही आज्ञा कुणाला? जिचं तोंड दाबलंय तिलाच. दाबणाऱ्याला त्या पोस्टरावर एक शब्द नाही.

२०१३ साली यूएन विमेन या संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांसाठीच्या संस्थेसाठी झालेल्या मोहिमेने हा चेहऱ्याचा प्रश्न फार विचारपूर्वक सोडवला होता. वेगवेगळ्या स्त्रियांचे शांत, समोर बघणारे चेहरे. तोंडाच्या जागी गुगलच्या शोधाची पेटी. 'स्त्रियांनी करू नये...' एवढं टाइप केल्यावर गुगलने स्वतःहून पुढे सुचवलेली वाक्यं तिथे छापलेली होती, कधी शोधली त्या तारखेसह. एकही जखम नाही, तरी अंगावर काटा येतो, कारण तिचं तोंड ज्या शब्दांनी बंद केलंय ते जगभरच्या लोकांनी एकेकट्याने, कुणी बघत नाही असं समजून टाइप केलेले असतात. कर्ता सापडला: बघणारा स्वतः. पुढची पायरी मात्र तिथे राहून गेली. एवढा पुरावा समोर ठेवल्यावर कुणी काय बदलायचं, कोणता कायदा, कोणती तरतूद, याचं ठोस उत्तर ते पोस्टर देत नाही.

एक प्रकार असा आहे जिथे बोलायचं थेट बाईशीच असतं, तिथे माझा नियम मी बाजूला ठेवते. घरातल्या हिंसेपासून सुटका हवी असणाऱ्या स्त्रीसाठी मदतीचा नंबर देणारं पोस्टर. याची जागा चौकात नाही. ते बायकांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला, कडी लावल्यावर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर हवं. खालची कड कात्रीने उभी कापून पट्ट्या केलेल्या, प्रत्येक पट्टीवर फक्त नंबर. नंबरच्या वर संस्थेचं नाव छापायचं नाही, 'हिंसा' हा शब्द तर नाहीच, कारण पट्टी पर्समध्ये, ब्लाउजमध्ये कुणाला सापडली तर तो कुठलाही नंबर वाटला पाहिजे. आणि लावतानाच एक-दोन पट्ट्या आपण फाडून ठेवायच्या. पहिली पट्टी फाडायला सगळ्यात जास्त धीर लागतो. आपल्या आधी कुणीतरी नेली आहे हे दिसलं की हात पुढे होतो. कुठल्याही प्रदर्शनात मांडलं जाणार नाही असं हे डिझाइन, पण पोस्टर कशासाठी असतं हे ज्याला शिकायचंय त्याने आधी हे करून बघावं.

बाकी ठिकाणी मात्र मोजा आणि नाव घ्या, या मताची मी आहे. 'गुरिला गर्ल्स' या १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या गटाने ते करून दाखवलं. १९८९ मध्ये त्या तिथल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, म्हणजे 'मेट'मध्ये, गेल्या आणि मोजत बसल्या. आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री-कलाकार ५ टक्क्यांहून कमी, पण नग्नचित्रांपैकी ८५ टक्के चित्रं स्त्रियांची. मग पिवळ्या पार्श्वभूमीवर आंग्र या फ्रेंच चित्रकाराच्या प्रसिद्ध चित्रातली पहुडलेली नग्न स्त्री, तिच्या डोक्यावर गोरिलाचा मुखवटा, आणि शेजारी प्रश्न: मेटमध्ये शिरायला बायकांनी नग्नच व्हायला हवं का? संग्रहालयाचं नाव पोस्टरावर आहे. आकडे कुणालाही जाऊन पडताळता येतील असे आहेत. त्यांनी बसवर जाहिरातीची जागा भाड्याने घेतली, पण बस कंपनीने चित्र फार सूचक आहे म्हणून पुढे करार गुंडाळला. शेकडो वर्षांची नग्नचित्रं भिंतीवर चालतात, त्यांची मोजदाद मात्र बसवर चालत नाही. मला त्यांचं सगळ्यात कौतुक वाटतं ते त्या पुन्हा मोजायला गेल्या याचं. २००५ मध्ये स्त्री-कलाकार ३ टक्क्यांहून कमी, नग्नचित्रांत स्त्रिया ८३ टक्के. २०१२ मध्ये ४ टक्क्यांहून कमी आणि ७६ टक्के. पोस्टर एकदा छापून संपत नाही. आकडा बदलेपर्यंत ते परत परत छापावं लागतं.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते की नाव घेतलं तर लोक दुखावतात, चर्चेचे दरवाजे बंद होतात. माझा अनुभव उलटा आहे. मोघम पोस्टर पाहून सगळे पुरुष दुखावतात, कारण बोट कुणाकडे आहे ते कळत नाही. नेमकं पोस्टर असलं की ज्याने उत्तर द्यायचं तोच अस्वस्थ होतो आणि बाकीचे वाचायला थांबतात. अर्थात नाव घेणाऱ्यांना संरक्षण हवं, हे खरं. लंडनमधल्या 'सी रेड विमेन्स वर्कशॉप'ने १९७४ पासून १९९० पर्यंत स्क्रीन प्रिंटिंगने पोस्टरं काढली आणि त्यांवर कुठल्याही एकीची सही नसायची. कल्पना सगळ्यांनी मिळून ठरवायची, एकीने रेखाटून आणायची, परत सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायची. त्यांचं एक पोस्टर आहे, 'माझी बायको काम करत नाही'. दिवसभर राबणाऱ्या बाईच्या चित्राला त्यांनी नवऱ्याच्या तोंडचं वाक्य दिलं, आणि त्या 'माझी' या एका शब्दाने बोलणारा पकडला गेला.

कुणाचं नाव कुठे घ्यायचं हा प्रश्न आपल्या इतिहासातही रुतून बसला आहे. पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन पोलिसांना निर्दोष सोडलं. प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे त्यातलं एक कारण. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० च्या ८ मार्चला वेगवेगळ्या शहरांतल्या बायका फलक घेऊन रस्त्यावर आल्या, खटला पुन्हा चालवा ही मागणी घेऊन. या मागणीत कर्ता स्पष्ट आहे: न्यायालय. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्री म्हणाली की तिची संमती नव्हती, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं. उलट सिद्ध करायचा भार आरोपीवर. उत्तर कुणी द्यायचं, तेच कायद्याने फिरवलं. आणि तरीही तो खटला आजही त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. त्या दोन पोलिसांची नावं विचारली तर दहांतल्या नऊ जणांना सांगता येणार नाहीत. त्या मुलीचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही.

त्या काळापासूनची हजारभराहून अधिक पोस्टरं 'झुबान' या प्रकाशनसंस्थेने देशभरातून गोळा करून ठेवली, हे फार मोठं काम झालं. नाहीतर भिंतीवरचा कागद पहिल्या पावसात जातो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातल्या बायकांच्या गटाबरोबर मी दोन दिवस पोस्टर करायला बसले होते. विषय पगाराचा. पहिल्या दिवशी कागदांवर तराजू आले, मुठी आल्या, उगवता सूर्य आला. संध्याकाळी एकीने पर्समधून पगाराची चिठ्ठी काढली. शेजारच्या मशीनवरच्या भावाने विश्वासाने आपली चिठ्ठी तिला दिली होती, तीही काढली. मशीनचा प्रकार तोच, पाळी तीच, तास तेवढेच. शेवटचा आकडा वेगळा. दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्यावर कुणीच काही बोलेना. सूर्याचा कागद एकीने आपणहून उलटा केला.

आम्ही त्याच दोन चिठ्ठ्या मोठ्या केल्या, नावं आणि क्रमांक काळे करून. छपाईवाल्याने फिल्म पाहून सांगितलं, "मधली घडीची रेघ उमटतेय, साफ करून देऊ का?" बायका म्हणाल्या, "नको, राहू दे. ती आमच्या पर्समधली घडी आहे." एकच स्क्रीन परवडत होती म्हणून एकच रंग. वर हेडिंग मी लिहिलं होतं: 'समान कामाला समान वेतन मिळावं.' प्रूफ हातात आलं तेव्हा त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी पेन्सिल मागितली, 'मिळावं' खोडलं आणि 'द्या' लिहिलं. मग पेन्सिल तशीच धरून मला विचारलं, "कुणी?" मी 'व्यवस्थापनाने' लिहिलं. "कधी?" मी गप्प. तारीख आमच्यापैकी कुणालाच ठरवता येईना, म्हणून खाली चौकोन कोरा सोडला आणि प्रत्येक प्रतीवर मार्करने भरायचं ठरलं.

फाटकाशेजारच्या भिंतीवर खळ लावून त्यांनी ते डकवलं. पहिली तारीख उलटली तेव्हा नवं पोस्टर छापायला पैसे नव्हते. त्यांनी तारखेवर एक आडवी रेघ मारली आणि खाली दुसरी लिहिली. तिसरी तारीख लिहायची वेळ आली तोवर पाळी सुटल्यावर पुरुष कामगारही आधी त्या चौकोनापाशी थांबायचे, आज काय लिहिलंय ते बघायला.